बाबा दारू मागतात, आणि आम्ही त्यांना काहीच सांगितलेलं नाही

पत्र

डॉक्टर, मालवण तालुक्यातून लिहिते आहे. वय 29. माझे बाबा तांडेल होते, आधी दुसऱ्याच्या ट्रॉलरवर आणि मग स्वतःच्या छोट्या होडीवर. मला कळायला लागलं तेव्हापासून ते पितात. गेल्या वर्षी पोटात पाणी झालं, दोनदा काढलं. एप्रिलमध्ये रक्ताची उलटी झाली तेव्हा गोव्याला नेलं. तिथे तिसऱ्या रात्री बाबा पलंगावर उठून बसले आणि हवेत जाळं ओढायला लागले. ‘वड रे, वड!’ म्हणून ओरडत होते. काकी म्हणाली, समुद्रातलं काहीतरी लागलंय. घरी आल्यावर देवळात गाऱ्हाणं घातलं.

तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की लिव्हर संपलंय, बदलायचं म्हटलं तर खर्च तुमच्या आवाक्यातला नाही, घरी सांभाळा. हे मला आणि आईला माहीत आहे. बाबांना आम्ही ‘कावीळ उतरतेय’ असं सांगतो. घरी आल्यापासून त्यांनी घेतलेली नाही, पण आता रोज संध्याकाळी मागतात. ‘एक घोट दे, परत मागणार नाही.’ आई कधी म्हणते, देऊन टाक, मेला तर सुटेल तरी, आणि मग देवासमोर बसून रडते. भाऊ मुंबईला असतो. त्याचं म्हणणं, त्यांनी स्वतःच्या हाताने करून घेतलंय, मी गणपतीला येईन. शेजारच्या एका बाईंनी दारू सोडवण्याची पावडर आणून दिली आहे. जेवणात घालायची, त्यांना कळणारही नाही म्हणाल्या.

पावडर द्यावी का? घोटभर दारू द्यावी का? बाबांना खरं सांगावं का? आणि एक विचारायला लाज वाटते. रात्री ते खोकतात तेव्हा मला जाग येते. खोकला थांबला की मनात येतं, झालं का? मी वाट बघते, डॉक्टर. मी अशी कशी?

तांडेलाची मुलगी

उत्तर

ताई,

आधी ती पावडर. ती कचऱ्यात टाका. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर असतात, त्यातलीच ती असणार. पुडीत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम असू शकतं. ते खरं औषध आहे, आम्हीही वापरतो, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, लिव्हर आणि हृदय तपासून. ते पोटात असताना दारू गेली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. शिवाय ते लिव्हरलाही त्रास देऊ शकतं, त्यामुळे तुमच्या बाबांना कुणी डॉक्टर ते देणार नाही. आणि समजा पुडीत नुसता खडूचा चुरा असला, तरीही नको. का नको, ते पुढे सांगतो.

आता ती गोव्यातली रात्र. समुद्रातलं काही लागलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं रोज दारू पोचत असलेला मेंदू तिच्या गुंगीविरुद्ध जोर लावून चालायला शिकलेला असतो. दारू एकाएकी थांबली की तो जोर मोकाट सुटतो. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, त्याला आम्ही वॉर्डात ‘डीटी’ म्हणतो. या भ्रमात माणूस पुष्कळदा आपलं रोजचंच काम करत बसतो. शिंपी नसलेल्या सुईत दोरा ओवतो, ड्रायव्हर पलंगाचा कठडा धरून वळण घेतो, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या वॉर्डांत जाळी ओढली जातात. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. लोराझेपामसारखी औषधं, थायमिनची म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि शेजारी बसून धीर देणारं कुणीतरी, एवढ्यावर बहुतेक जण त्यातून बाहेर येतात. बाबाही आले.

गाऱ्हाण्याला माझी हरकत नाही, मीही इथलाच आहे. पण ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून शपथ घेतलेली आणि तिसऱ्या दिवशी आमच्याकडे बांधून आणलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत. घरचे सांगतात, शपथ मोडायचं मनात आणलं म्हणून देवाने दाखवलं. रोज पिणाऱ्याने शपथ जरूर घ्यावी, फक्त आधी दवाखान्यात येऊन जावं. तुमच्यापुरता याचा अर्थ असा की बाबांनी मध्येच कुठूनतरी मिळवून आठ-पंधरा दिवस घेतली आणि तुम्ही ती एकदम तोडली, तर ती रात्र पुन्हा येऊ शकते. तेव्हा भगत नको, सरळ दवाखाना.

आत्ताचं संध्याकाळचं मागणं मात्र त्यातलं नाही. तुम्ही लिहिता त्याप्रमाणे एप्रिलपासून घेतली नसेल तर शरीराची ती गरज कधीच ओसरली. उरते ती ओढ, आणि ओढीला वेळ कळते. होडी लागली, मासळीचा लिलाव झाला, वाटे पडले, की त्या वेळेला वर्षानुवर्षं त्यांच्या हातात ग्लास होता आणि भोवती चार माणसं होती. आता 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी, होड्या झापांखाली, बाहेर पाऊस, आणि ते पडवीत एकटे. ग्लास तुम्ही देऊ शकत नाही, माणसं देऊ शकता. त्यांच्या जुन्या खलाशांपैकी एखादा असा असेलच ज्याने सोडलीय किंवा जो न पिता येऊन बसेल. त्याला त्या वेळेला बोलवा. पोटही त्याच वेळेला थोडं भरा, उपाशी पोटी ओढ जास्त छळते. बॅक्लोफेन नावाची एक गोळी आहे, सिरॉसिसच्या, म्हणजे लिव्हर आक्रसून कडक झालेल्या पेशंटची दारूची ओढ कमी करायला ती वापरतात. पण तिने गुंगी येते आणि बाबांना ती झेपेल का हे डॉक्टरांनीच ठरवायचं. विचारा मात्र जरूर.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. ‘लिव्हर संपलंय’ हे वाक्य एप्रिलचं आहे. त्यानंतर कुणी पुन्हा तपासलंय का? पोटात पाणी झालेल्या, रक्त ओकलेल्या सिरॉसिसच्या पेशंटने दारू खरोखर बंद ठेवली तर त्यातले काही जण तीन ते सहा महिन्यांत सावरतात. पाणी कमी होतं, कावीळ उतरते, भूक लागते. लिव्हर नवं होत नाही, पण उरलेलं काम करायला लागतं. सगळ्यांचं असं होत नाही, आणि बाबांचं होईलच असं मी बोलणार नाही, मी त्यांना पाहिलेलं नाही. पण ते दारूशिवाय राहिलेत. तेव्हा बिलिरुबिन, आयएनआर, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन या रक्ताच्या चार तपासण्या पुन्हा करा, एप्रिलच्या कागदांशेजारी ठेवा आणि डॉक्टरांना सरळ विचारा: हे सुधारतंय की घसरतंय?

‘द्यावी का’ याचं उत्तर यावर ठरतं. सुधारत असेल तर एक थेंबही नाही. तिथे दया दाखवणं म्हणजे त्यांचे दिवस कापणं. घसरत असेल तरीही मी सुचवणार नाही, कारण दारूने पुन्हा रक्त पडायची आणि भ्रमाची भीती वाढते, आणि ते मरण शांत नसतं. आणि अगदी शेवटचे काही दिवस असतील, माणूस चमच्याने पाणी घेत असेल, आणि त्याने मागितलं म्हणून कुणी ओठाला थेंब लावला, तर त्याने काही अलीकडचं पलीकडे होत नाही. मी त्याला पाप म्हणणार नाही आणि कुणाला म्हणू देणार नाही. पण तो हात तुमचा किंवा आईचा नसावा, आणि त्यासाठी क्वार्टर आणायला दुकानावर तुम्ही जायचं नाही. मागे राहणाऱ्याच्या हाताला ते फार वर्षं चिकटून राहतं.

आता खरं सांगण्याबद्दल. इथे मला जरा थांबायचं आहे.

इतकी वर्षं या पेशंटांत काढल्यावर माझं एक मत झालं आहे. व्यसनी माणूस खोटं बोलतो हे सगळ्या जगाला माहीत आहे. ‘फक्त शनिवारी’, ‘फक्त बिअर’, ‘गेल्या शिमग्यापासून हात लावला नाही’. एक निवृत्त मास्तर वॉर्डात पडल्यापडल्या सलाईनच्या रिकाम्या बाटलीत गावठी भरून ठेवायचे आणि राउंडच्या वेळी माझ्याशी ज्ञानेश्वरीवर बोलायचे. ते मुळात खोटारडे होते असं मला वाटत नाही. खरं सांगितलं की काय होतं हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं: बायको रडते, मुलगा ओरडतो, डॉक्टर आवाज बदलतो. हो, आम्हीही. केसपेपरवर ‘क्रॉनिक अल्कोहोलिक’ असं वाचलं की राउंडचा सूर कोरडा होतो. कॅन्सरच्या खाटेपाशी शहाळी येतात, नातेवाईक मावत नाहीत. शेजारच्या ‘दारूच्या लिव्हर’पाशी डबा घेऊन एक बाई येते आणि मान खाली घालून जाते. जिथे खरं बोलण्याची शिक्षाच होते तिथे कुणीही खोटं बोलायला शिकतं.

(बायकांचं तर याहून अवघड. काजूच्या हंगामात बोंडांची भट्टी लावणाऱ्या एका आजींचे हात थरथरत होते ते सगळ्यांनी वयावर घातलं. तिला कुणी विचारलंच नाही. विचारल्यावर तिने लगेच सांगितलं.)

आणि मरणाच्या दारात हेच उलट सुरू होतं. आता घरचे खोटं बोलतात. ‘कावीळ उतरतेय.’ हेतू चांगला असतो, पण पेशंटच्या कानाला तो सूर ओळखीचा असतो. त्याने आयुष्यभर तसंच बोलून लोकांना फसवलेलं असतं, त्याला लगेच कळतं. तुमच्या बाबांनी स्वतःचं पोट पाहिलंय, रक्त पाहिलंय, आईचे डोळे पाहिलेत. त्यांनी समुद्रावर आभाळ बघून निर्णय घेतलेत. त्यांना माहीत नाही असं मी मानत नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून ते गप्प आहेत, आणि त्यांना त्रास नको म्हणून तुम्ही. म्हणूनच ती पुडी नको म्हटलं. ज्या घरात सगळेच एकमेकांपासून लपवतायत तिथे जेवणाच्या ताटातही काही लपवलंय हे त्यांना कळलं, तर ते जेवणही सोडतील.

काही वर्षांपूर्वी एक होडीवाला होता माझ्याकडे, तुमच्या बाबांसारखाच. घरच्यांनी मला बाहेर गाठून बजावलं होतं, त्याला काही बोलू नका. मी आत गेलो तर तोच म्हणाला, ‘डाक्टर, खोटा सांगू नकात. माझा काय खरा नाय मां?’ मी त्याला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? तो म्हणाला, पावसाळा निघेल असं वाटत नाही. मी म्हटलं, मलाही तसंच वाटतं. तो रडला नाही. त्याने पहिली गोष्ट विचारली ती इंजिनाची. इंजिनावर सोसायटीचं कर्ज होतं, जामीन मेव्हणा होता, आणि बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. पुढच्या दहा-बारा दिवसांत त्याने खाटेवरून होडी विकली, कर्ज मिटवलं, बँकेत बायकोचं नाव लावलं. सातबाऱ्यावर कोकणात असतात तशी चुलत-मावस मिळून ढीगभर नावं होती, ते काही त्याच्याने निस्तरलं नाही. पण भावाला बोलावून, झाडांची कुठली कलमं कुणी लावली ते त्याने पोराच्या देखत सांगितलं. त्या दिवसांत त्याने एकदाही दारू मागितली नाही. याला मी चमत्कार म्हणत नाही, त्याला तोवर भूकच राहिली नव्हती. पण त्याच्याशी कुणीतरी कर्त्या माणसाशी बोलावं तसं बोलत होतं, एवढं खरं.

लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं रुग्णालय, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका झाल्या, मग डॉक्टर. त्यांचं म्हणणं होतं की मरणाऱ्याचं दुखणं एकट्या शरीराचं नसतं. त्यात मनाचं, घरच्यांचं, पैशाचं, देवाचं असं सगळं मिसळलेलं असतं, आणि एकाला हात न लावता दुसरं कमी होत नाही. आपल्याकडे त्यात इंजिनाचं कर्ज धरावं लागतं.

तेव्हा सांगायचं कसं? मुळात सांगायचं नाही, विचारायचं. सकाळी, डोकं स्वच्छ असताना, आई बाजूला असो वा नसो: ‘बाबा, तुम्हाला काय वाटतं तब्येतीचं?’ मग गप्प बसायचं. ते म्हणाले ‘बरा होईन’, तर त्यांना तेवढंच ऐकायचंय, तिथे थांबा. ते म्हणाले ‘काय खरं नाही’, तर ‘असं बोलू नका’ हे शब्द गिळा. म्हणा, ‘मलाही भीती वाटते.’ पुढचं तेच बोलतील. आणि ‘कावीळ उतरतेय’ हे मात्र आजपासून बंद, तपासणीत खरंच उतरली असेल तर गोष्ट वेगळी.

याच बोलण्यात एक व्यवहाराचं विचारून घ्या. पुन्हा रक्त पडलं तर गोव्याला न्यायचं का? व्हेंटिलेटरवर ठेवलेलं चालेल का? कोल्हापूरला न्यायला निघालेले पेशंट घाटातच गेलेले मी पाहिलेत, अँब्युलन्समध्ये, अनोळखी ड्रायव्हरच्या पाठीमागे. पुन्हा न्यावं की नको हे दोन्ही बरोबर असू शकतं, पण ते रक्त पडत असताना ठरवायची गोष्ट नाही. सुप्रीम कोर्टाने 2018 साली अशी इच्छा आधी लिहून ठेवण्याला मान्यता दिली आणि 2023 मध्ये तिची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. तेवढं झालं नाही तरी बाबांच्या तोंडून तुम्ही दोघींनी ऐकलेलं असणं पुष्कळ आहे.

भावाचं ‘स्वतःच्या हाताने करून घेतलं’. त्याला चूक म्हणता येत नाही आणि बरोबरही. व्यसनाचा धोका जवळजवळ निम्मा अनुवंशातून येतो असं जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. (भाऊ स्वतः पितो का? असेल तर हे त्याच्याही कामाचं आहे.) उरलेल्यात थंडी आहे, पाठदुखी आहे, वाट्याबरोबर हातात येणारी बाटली आहे, आणि औषध न मिळणं आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात, दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच कुठलातरी उपचार मिळाला होता असं आढळलं. तुमच्या बाबांना गेल्या तीस वर्षांत कुणी ‘हा आजार आहे, औषध घेऊ या’ असं म्हटलं होतं का? मला शंका आहे. पण यामुळे त्यांनी घरात जे केलं ते पुसलं जात नाही. तुम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि न लिहिलेलंही मला वाचता येतं. आजार होता हे खरं आणि तुमचं बालपण त्यात गेलं हेही खरं.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. खोकला थांबला की ‘झालं का?’ असं मनात येणाऱ्या मुली, सुना, बायका मला ओपीडीच्या बाहेरच्या बाकावर कायम भेटतात. बहुतेक जणी मला दार लावून सांगतात. तुम्ही महिनोन्महिने रात्रीच्या झोपेशिवाय, पगाराची नोकरी सांभाळत असाल तर तीही सांभाळून, ज्या माणसाला भीत वाढलात त्याचं गू-मूत काढताय. हे संपावं असं वाटणारच. ज्याला वाटत नाही त्याची मला जास्त काळजी वाटते. असं वाटतं आणि तरीही उठून तुम्ही बघायला जाता, म्हणजे जे करायचं ते तुम्ही करताय.

त्यांना माफ करायला हवं, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. देवळातले, नात्यातले, कदाचित आईसुद्धा. तशी काही अट नाही. आणि त्यांनी तुमची माफी मागावी म्हणून थांबूही नका. शेवटाला माफी मागणारे बाप फारसे पाहिले नाहीत मी. लाज असते, शब्द नसतात, आणि लिव्हरचं विष मेंदूत चढलं की आवाजही ओळखू येईनासा होतो. तुम्हाला त्यांना काही बोलायचं असेल, गोड किंवा कडू, तर ते लवकर बोला. न बोलायचं ठरवलंत तरी चालेल. जेवण, औषध, स्वच्छता, जवळ बसणं हे प्रेम असल्याशिवाय करता येतं, आणि ते कमी प्रतीचं नसतं.

घरातल्या काही गोष्टी पटपट सांगतो, कारण त्या रोज चुकतात.

पावसाळ्यात ताजी मासळी कमी म्हणून आपण सुक्यावर येतो, आणि नेमकं तेच त्यांच्या पोटातलं पाणी वाढवतं. खारा बांगडा, सुकट, सोडे, लोणचं, पापड, खारातली मिरची बंद. दिवसभराचं सगळं मीठ मिळून एक चहाचा चमचा, साधारण 5 ग्रॅम. पण ‘लिव्हरवाल्याला अंडी-मासे बंद’ हे खूळ डोक्यातून काढा. त्यांचं मांस झडतंय, त्यांना प्रथिनं लागतात. अंडं, ताजा मासा, अळणी कुळथाची पिठी, आणि रात्री झोपायच्या आधी थोडी पेज किंवा नाचणीचं सत्त्व, म्हणजे रात्रभर शरीर उपाशी राहणार नाही.

कालवं, मुळे, खुबे कच्चे किंवा अर्धेकच्चे अजिबात नाहीत. पायाला भेग, जखम असताना खाडीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात पाय घालू देऊ नका. त्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात, ते निरोगी माणसाला सहसा फार काही करत नाहीत, लिव्हरच्या पेशंटला मात्र दोन दिवसांत नेऊ शकतात. तांडेलाला हे पटवणं कठीण, पण सांगा.

अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, त्याने किडनी जाते आणि रक्त पडतं. पॅरासिटामॉल 500 ची गोळी, दिवसाला चारच्या वर नाही. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने नको. लॅक्टुलोजचं सिरप असेल तर जुलाब होतात म्हणून बंद करू नका. दिवसाला दोन-तीन सैल शौच व्हावीत हाच त्याचा उद्देश आहे, कारण त्यावाटे डोक्यात चढणारं विष बाहेर जातं. दिवसा झोप आणि रात्री जाग, हात फडफडणं, तुमचं नाव चुकणं, हे दिसलं की डॉक्टरांना फोन. आणि कावीळ उतरवायला कुणाला डाग देऊ देऊ नका, नाकात औषध घालू देऊ नका.

रक्त पडलंच तर कुशीवर वळवा आणि न्यायचं ठरलं असेल तर 108 ला फोन करा. गडद रंगाचे दोन टॉवेल आणि एक गडद चादर हाताशी ठेवा. पांढऱ्यावर थोडंसं रक्तही खूप दिसतं, आणि ते दृश्य आईच्या डोळ्यांसमोरून जाणार नाही. घरीच ठेवायचं ठरलं तर अशा वेळी गुंगी आणणारं औषध घरात आधीच आणून ठेवता येईल का, ते कुणी आणि कसं द्यायचं, हे डॉक्टरांशी बोलून घ्या. महाराष्ट्राने पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, धोरण 2012 सालीच आखलं आहे. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात त्यासाठी कुणाला भेटायचं ते विचारा, आणि ‘काही करता येत नाही’ हे उत्तर आलं तर ‘दुखू नये, घुसमटू नये, यासाठी काय करता येतं?’ असा प्रश्न टाका.

आईला एकटं सोडू नका. ‘मेला तर सुटेल’ हे ती बाबांबद्दल बोलते की स्वतःबद्दल, हे तिला आजच विचारा. स्वतःबद्दल असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, 14416 वर, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. व्यसनाबद्दल, म्हणजे बॅक्लोफेन वगैरे विचारायचं असेल किंवा भावाला स्वतःसाठी बोलायचं असेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून या कामात आहे, पेशंटच्या घरच्यांशीही ते बोलतात.

भावाला फोन तुम्हीच करा. रडू नका, भांडू नका. तपासण्यांचे आकडे हातात आले की ते वाचून दाखवा आणि म्हणा, गणपतीपर्यंत काय होईल ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत, तू यावंस किंवा येऊ नयेस हे तुझं तू ठरव, पण होडीच्या कागदांवर तुझी सही लागेल का ते बाबांना विचारून मी तुला शनिवारी कळवते. कागदाच्या निमित्ताने येणं मुलांना सोपं जातं. आला तर बाबांजवळ त्याला एकटं बसू द्या.

तपासण्या झाल्या की आकडे मलाही कळवा.